मशिदीपुढचे शंभर मीटर आणि इतर प्रश्न

वाचक विचारतात

या वेळी सलोख्याविषयी प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागांतून पत्रं आली. सर्वधर्मसमभाव म्हणजे काय, असं कुणीही विचारलेलं नाही. विचारलंय ते मिरवणुकीचं, पंगतीचं, व्हॉट्सॲपचं आणि मयतीचं. बरंच झालं. उत्तरं मंडळं, शांतता समित्या आणि शाळा यांच्या कामात मुरलेल्या मंडळींनी दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळाची विसर्जन मिरवणूक मशिदीवरून जाते. भांडण कधी झालेलं नाही, पण दरवर्षी तिथं छाती धडधडते. यंदा अध्यक्षपद माझ्याकडं आलंय. आधी काय काय करून ठेवू? (बेळगाव शहर)

उत्तर : आधी एक हिशेब करा. ट्रॉली न थांबता सावकाश पुढं सरकत राहिली तर शंभर मीटर तीन-साडेतीन मिनिटांत मागं पडतात. तीच ट्रॉली नाचत-थांबत गेली तर वीस-पंचवीस मिनिटं. तुमची धडधड या मधल्या वीस मिनिटांची आहे. मशिदीच्या दाराच्या अलीकडं पन्नास आणि पलीकडं पन्नास मीटरवर चुन्यानं खूण करा आणि मंडळाच्या बैठकीत एकच ठराव घ्या : या दोन खुणांच्या मध्ये ट्रॉली थांबणार नाही. ढोल वाजवायचा की नाही यावर लोक तासभर भांडतात आणि थांबण्याचा मुद्दा राहूनच जातो. ढोलाबद्दल पोलिसांच्या परवानगीपत्रात जे लिहिलंय ते पाळा, विषय संपला.

आता ट्रॉली थांबते का, ते बघा. मुद्दाम थांबवणारे थोडे असतात, बहुतेक वेळा ती अडकते. खाली लोंबणारी तार, अरुंद वळण, पुढच्या मंडळाची गाडी. ट्रॉलीसकट मूर्तीची उंची टेपनं मोजा, त्यात दीड फूट मिळवा (खड्ड्यातून जाताना मूर्ती डुलते) आणि हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनला घेऊन अख्खा मार्ग दिवसाउजेडी चालून या. बांबूनं तार उचलायचा उद्योग कुणी करू नये, ओल्या बांबूतून वीज उतरते. पुढच्या मंडळाची गाडी खुणेपलीकडं गेल्याशिवाय आपली ट्रॉली अलीकडच्या खुणेच्या आत घ्यायची नाही. नाचायची हौस असेल ती त्या अलीकडच्या चौकात पुरी करून घ्या.

वेळ ठरवताना "तुमची अजान कधी असते" असं विचारू नका, "जमात किती वाजता उभी राहते" असं विचारा. अजान दोन-चार मिनिटांची असते, गर्दी जमातीला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र नमाजेला होते. मशिदीत भिंतीवर पाचही नमाजांच्या जमातीच्या वेळा दाखवणारी घड्याळं असतात. ती बघून वेळा वहीत लिहून घ्या. मगरिबची नमाज सूर्यास्ताला, म्हणजे आपल्याकडं सप्टेंबरच्या मध्याला साडेसहाच्या आसपास. अजानेनंतर लगेच जमात, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, वेळ मशिदीगणिक वेगळी. शुक्रवार असेल तर दुपारी एक ते दोन तो रस्ता सोडूनच द्या. नमाज सुटल्यावर चपला शोधणारे, गाड्या काढणारे आणखी दहा मिनिटं दारात असतात, तीही धरा. मशिदीच्या कमिटीकडं मागायची गोष्ट एकच : दारातल्या दुचाक्या त्या संध्याकाळी मागच्या गल्लीत लावा. एवढ्यानं रस्ता चार फूट रुंद होतो.

गुलालाचं काय? भांडणाची ठिणगी घोषणेपेक्षा भिंतीवर उडालेल्या गुलालानं जास्त वेळा पडते, कारण तो दुसऱ्या दिवशीही दिसतो आणि त्याचा फोटो निघतो. त्या शंभर मीटरपुरत्या चार-पाच किलो झेंडूच्या पाकळ्या घ्या, गुलालाची पोती टेम्पोत बंद. आणि माईक. माईक एकाच माणसाकडं, तो त्या दिवशी न प्यायलेला, घोषणा आधी ठरलेल्या. चप्पल आली, खडा आला, काही झालं तरी माईकवरून त्याबद्दल चकार शब्द निघता कामा नये आणि ट्रॉली चालतीच राहिली पाहिजे. दोन्हीकडची तीन-तीन माणसं त्या टप्प्यात पायी चालतील, जे काही बघायचं ते ती बघतील. ही सहा माणसं वयानं थोर असण्यापेक्षा गल्लीतली पोरं ज्यांचं ऐकतात अशी असावीत. जिमचा कोच, क्रिकेट टीमचा कप्तान, गॅरेजवाला मामू चालेल.

हे सगळं आठ-दहा ओळींत कागदावर उतरवा : तारीख, वेळ, दोन खुणा, सहा नावं, सहा फोन नंबर. दोन्हीकडच्या सह्या. एक प्रत ठाण्यात, कानडीतून. ठाण्यातली शांतता समितीची बैठक चुकवू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. तिथं चहा होतो, फोटो होतो, जो तो भाईचाऱ्यावर बोलतो आणि घरी जातो. खरं ठरतं ते त्याआधी, या सहा जणांत.

आवाजाचा कायदा सगळ्यांना एकच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, मंदिराला, मशिदीला, चर्चलाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. "त्यांचा भोंगा आधी बंद करा, मग आमचा डीजे" हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. दोघांनीही आपापला परवाना काढून बघावा, बहुतेक वेळा दोन्ही चुकलेले निघतात.

प्रश्न : कधी ईद आणि बसवजयंती एकत्र, कधी ईद आणि गणपती एकत्र. आमची पोरं म्हणायलेत की हे कुणीतरी मुद्दाम जुळवून आणतंय. (निपाणी)

उत्तर : जुळवून आणतो तो चंद्र. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपलं चांद्रवर्षही तेवढंच, पण आपण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरीत अधिक मास नाही. त्यामुळं दोन अधिक मासांच्या मधली दोन-तीन वर्षं त्यांचा एक महिना आपल्या एका महिन्याबरोबर चालतो, पुढचा अधिक मास आला की जोडी एका घरानं सरकते. तीच जोडी परत जमायला साधारण बत्तीस-तेहतीस वर्षं लागतात.

हिशेब पंचांगात ताडून बघा. बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला, बसवजयंती तृतीयेला. रमजान ईद चंद्रकोर दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच दोन तिथींच्या आसपास. शव्वाल (रमजान ईदचा महिना) आणि वैशाख जोडीनं चालत होते तेव्हा १४ मे २०२१, ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३, तिन्ही वर्षी अक्षय तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली. २०२३ च्या अधिक श्रावणानं ती जोडी मोडली आणि भाद्रपदाची गाठ रबीउल अव्वलशी (मिलादच्या महिन्याशी) पडली. म्हणून २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला, २०२४ आणि २०२५ ला एका दिवसाच्या फरकानं. मुंबईत २०२३ साली ईदचा जुलूस २९ तारखेला नेला गेला, तो या अडचणीतूनच.

२०२६ च्या अधिक ज्येष्ठानं हीही जोडी सुटते. त्यानंतर २०२८ पर्यंत मिलाद श्रावणात येते, गणपतीच्या आधी. पण मोहरमची दहावी ज्येष्ठात येते, कारहुणवीच्या (ज्येष्ठ पौर्णिमेच्या बैलांच्या सणाच्या) तीन-चार दिवस अलीकडं. म्हणजे आता विसर्जनाची चिंता कमी आणि ज्या गावांत पीरही बसतात आणि बैलांची मिरवणूकही निघते तिथं चावडीपुढच्या जागेची चिंता जास्त. पाडव्याला पंचांग आणताना हिजरी कॅलेंडरही आणा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन्हींचा मिळून एक तक्ता लावा. हिजरी तारखेपुढं "एक दिवस अलीकडं-पलीकडं" असं लिहा, कारण चंद्र कधी दिसेल ते आधी कुणी सांगू शकत नाही. त्या एका दिवसाच्या अंदाजानं मंडपवाला, बँडवाला आणि पोलीस तिघांचीही धावपळ वाचते.

हा तक्ता पोरांनाच करायला सांगा. स्वतः मांडलेला हिशेब त्यांना पटेल.

प्रश्न : गावात मुसलमानांची दोन घरं. मोहरमात पीर बसतात, पंजे उचलायचा मान आमच्यातल्याच घरांकडं आहे. आता दोन्हीकडची काही पोरं म्हणायलेत, हे आपलं नव्हे, बंद करा. (हुक्केरी तालुका)

उत्तर : तुमचं गाव एकटं नाही. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरला मुसलमानाचं घर नसताना गावकरी फकीरेश्वर स्वामींच्या मशिदीत मोहरम करतात, त्या दिवसांपुरते मौलवी बाहेरगावाहून येतात. सीमाभागात असं बरंच चालत आलंय.

"मी येणार नाही" म्हणणाऱ्या पोराला येऊ नको म्हणा, त्याच्यावर चिडू नका. श्रद्धा नसलेल्याला सवारीमागं चालवून कुणाचंच भलं होत नाही. मुसलमान घरातला एखादा तरुण "हे आमच्या धर्मात बसत नाही" म्हणत असेल तर तोही त्याचा विचार आहे, त्याला गावद्रोही ठरवू नये. "तुम्हीही करायचं नाही" म्हणणारा मात्र वेगळा. त्याच्याशी बोलणं पंचांनी करायचं, एकेकट्यानं नव्हे.

प्रथा मोडतात त्या बहुतेक वेळा विरोधानं नव्हे, कुणाचं काम कोणतं हे विसरल्यानं. जुना मानकरी जातो, मुलगा पुण्याला असतो, पंजाला कापड कोण बांधायचं यावर दोन भावकीत तंटा होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, बंदच करू या. त्यासाठी एक वही घाला. पंजे पेटीतून कोण काढतं, कुदळ कोण मारतं, लाकूड कुणाच्या शेतातून येतं, सरबत कुणाचं, चोंगे कुठल्या घरी होतात, कत्तलच्या रात्री जागायला कोण, नदीवर कोण जातं. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या. फातिहा पढणाऱ्यांना विचारल्याशिवाय विधीत काही नवं घुसडू नका. डीजे तर नकोच, मातमाचे दिवस आहेत ते. कुंकू-नारळाचं तुमच्या गावात जसं चालत आलंय तसंच ठेवा, वाढवूही नका, काढूही नका.

अलाव्याबद्दल, म्हणजे पीरांपुढच्या निखाऱ्यांच्या खड्ड्याबद्दल, थोडं सविस्तर, कारण अपघात तिथं होतात. खड्ड्याभोवती दहा फुटांवर दोरी, आत फक्त ठरलेली माणसं. जवळ पाण्याची दोन पिंपं, बादल्या भरलेल्या. नायलॉनची लुंगी, टेरिकॉटचा शर्ट नको, कापड वितळून कातडीला चिकटतं. भाजलं तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं, पेस्ट, शाई, हळद काही नको. आणि लोक हमखास चुकतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी : वरून राख पांढरी पडलेली असते, खाली निखारा जिवंत असतो, आणि पोरं त्यात पाय घालतात. रात्रीच भरपूर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, मग माती लोटा.

प्रश्न : गल्लीत मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान आणि दोन ख्रिस्ती घरं आहेत. सगळ्यांना एकत्र जेवण द्यायचंय, शंभर माणसं. कुणाला काय चालत नाही, सांगा. (चिकोडी)

उत्तर : सगळ्यांत कडक नियम ज्याचा, त्याच्या मापानं स्वयंपाक करा, म्हणजे बाकीचे आपोआप बसतात. इथं तो जैन घरांचा : कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काहीच नको, पाणी गाळून घ्यायचं, आणि जेवण सूर्यास्ताआधी. म्हणून रात्रीची पंगत ठेवू नका, दुपारी साडेबाराला ठेवा. शुक्रवार टाळा. रमजानचा महिना टाळा, नाहीतर अर्धी गल्ली रोज्यात असते. ख्रिस्ती घरांसाठी रविवारी सकाळच्या मिसानंतरची वेळ सोयीची.

भांडी हा खरा अवघड विषय. ज्या भांड्यात मांसाहार शिजतो त्यातलं लिंगायत-जैन खात नाहीत, आणि तसं तोंडावर सांगायला लाजतात. नुसतं येत नाहीत, आणि मग "बघा, ते आमच्याकडं जेवत नाहीत" असा बोभाटा होतो. भांडी शाकाहारी आचाऱ्याकडूनच भाड्यानं आणा आणि निमंत्रणातच तसं लिहा. मुसलमान शेजाऱ्यांना शाकाहारी जेवण चालतं. देवापुढं ठेवलेला प्रसाद काही जण घेतात, काही घेत नाहीत. नैवेद्य बाजूला काढा आणि पंगतीतलं जेवण नुसतं जेवण म्हणून वाढा. न घेणाऱ्याला आग्रह नको.

गोडाला हुग्गी करा, कानडी-मराठी दोघांच्याही घरची आहे. शंभर माणसांना खपली गहू ५ किलो, गूळ ५ ते साडेपाच किलो, चार नारळांचा खव, वेलची, जायफळ, थोडी खसखस, वरून दूध. गहू ओलवून, कांडून, कोंडा पाखडून रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी बोटानं दाबले तर पूर्ण मऊ लागेपर्यंत शिजवायचे. गूळ त्यानंतरच. घाई करून आधी घातला तर दाणा आखडतो, मग कितीही शिजवा, दाताखाली येतोच. गूळ पडल्यावर उलथनं तळापासून फिरतं ठेवा, बुडाला लागला की साऱ्या पातेल्याला जळका वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. तांदूळ १० किलो आणि आमटीला तूरडाळ ४ किलो पुरे. फोडणी हिंगाची.

वाढपी मिसळून ठेवा. स्वयंपाक एका गटाचा आणि जेवणारे दुसऱ्या गटाचे असं झालं की ते अन्नदान होतं, शेजारपण राहत नाही.

प्रश्न : गल्लीत नवी कानडी कुटुंबं आलीत. त्यांना मंडळात बोलवावं तर आमचेच काही लोक म्हणतात, मग सीमाप्रश्नाचं काय? (बेळगाव तालुका)

उत्तर : सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शेजारणीला हळदीकुंकवाला बोलावल्यानं त्यातला एकही कागद हलत नाही. १ नोव्हेंबरला कुणी काळा दिवस पाळतो, कुणी राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिवस) करतो. दोघांनाही ते करू द्या, आणि त्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप गटात दोन्हींपैकी काहीच टाकू नका.

बोलावताना नोटीस दोन्ही भाषांत काढा. मोबाइलवर भाषांतर करून तसंच छापू नका, कानडी शाळेतल्या मास्तरांना एकदा दाखवा. आपल्या भागातल्या कानडीत शेवटी "री" लावला की आदर येतो : बर्री, कुंद्री. तो गाळला तर "ये, बस" असं म्हटल्यासारखं होतं, आणि मोठ्या माणसाला ते लागतं. त्यांचंही मराठी असंच अडतं, "तू" कुठं आणि "तुम्ही" कुठं ते कळत नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. अक्का, अण्णा, अप्पा तर दोन्हीकडं सारखेच आहेत, तिथून सुरुवात करा.

हक्कांचं वेगळं लिहितो, कारण सलोखा म्हणजे हक्क सोडणं नव्हे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणून मराठीतला अर्ज कचेरीनं घ्यायलाच हवा. ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल आहे. त्यासाठी जुना निकष शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलांचा. दुकानाच्या किंवा ट्रस्टच्या पाटीवर ६० टक्के कानडी, तीही वरच्या बाजूला, हा २०२४ चा कायदा आहे. दहा बाय चार फुटांची पाटी असेल तर वरचे २९ इंच कानडीला, खालचे १९ इंच मराठीला. पेंटरला इंचांत सांगा. टक्क्यांत सांगितलं की तो अंदाजे रंगवतो, मग कुणीतरी मोजायला येतं आणि नसता तंटा उभा राहतो.

प्रश्न : रात्री अकराला गटात व्हिडिओ आला, "आत्ता आपल्या गावात" म्हणून. मी ॲडमिन आहे. काय करायचं? (खानापूर)

उत्तर : पहिल्या दोन मिनिटांत सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील असं करा. व्हिडिओ पुढं पाठवू नका, आणि लगेच पुसूनही टाकू नका. आधी नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तो पुरावा आहे. मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा. आवाज माणसाला भडकवतो, चित्रात चूक सापडते. गाड्यांच्या पाट्या वाचा : बेळगाव केए २२, चिकोडी केए २३, बैलहोंगल केए २४, गोकाक केए ४९, कोल्हापूर एमएच ०९. तिसऱ्याच राज्याच्या पाट्या दिसल्या की गोष्ट तिथंच संपली. दुकानांच्या फलकांची लिपी, बसचा रंग, पोलिसांची टोपी बघा. खानापुरात धो धो पाऊस चाललाय आणि व्हिडिओत धूळ उडतेय, असंही सापडतं.

नंतर ज्या गल्लीचं नाव घेतलंय तिथल्या माणसाला फोन करा. त्या गल्लीत तुमचा फोन उचलणारं कुणी नसेल, तर उद्या सकाळचं पहिलं काम ते. धोका खरा वाटला तर ११२. गटात खुलासा दोन ओळींचा, अफवा पुन्हा न सांगता : "अकरा वाजता आलेला व्हिडिओ आपल्या गावचा नाही. तिथल्या दोघांशी बोलणं झालं, सगळं शांत आहे." मूळ व्हिडिओ खुलाशाबरोबर परत टाकणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळं तो दुप्पट लोकांपर्यंत जातो. धर्म, वंश, भाषा यांवरून तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळी केल्यास पाच. "मी फक्त पुढं पाठवलं" हा बचाव ठाण्यात चालत नाही.

प्रश्न : वरची खोली मुसलमान शिक्षिकेला भाड्यानं दिली तर शेजारी नाराज होतील काय? (निपाणी)

उत्तर : एखादा होईल, महिनाभर. स्वयंपाकाबद्दल अट असेल तर ती सर्व भाडेकरूंना सारखी, आधी सांगून, ११ महिन्यांच्या करारात लिहा. नाव ऐकल्यावर नवी अट सुचत असेल तर ती अट स्वयंपाकाची नव्हे.

प्रश्न : शेजारच्या चाचांची मयत झाली. जावं वाटलं, पण काय करायचं ते न कळल्यानं दारातच उभा राहिलो. (बेळगाव शहर)

उत्तर : पुढच्या वेळी आत जा. पुरुषांनी डोक्याला रुमाल बांधावा, चपला बाहेर काढाव्यात. दफन शक्यतो त्याच दिवशी होतं, म्हणून कळल्याबरोबर निघा. बायका घरात बायकांजवळ बसतात, कबरस्तानात सहसा जात नाहीत. गुसल (देहाला आंघोळ) आणि कफन घरचेच करतात, तिथं मध्ये पडू नका. हार, गुलाल, अगरबत्ती स्वतःहून नेऊ नका. जनाजाला खांदा देता येतो, खांदे भराभर बदलत जातात, चार पावलं चालून पुढच्याला द्या. जनाजाची नमाज उभ्यानंच होते, पाच-सात मिनिटांची. त्या वेळी मागं बाजूला उभं राहा. नंतर तीन मुठी माती देतात, शेजारच्याला "मी देऊ का?" एवढं विचारा, नको म्हणणारा विरळा. लिंगायतांच्या घरी देह बसवून ठेवलेला दिसला तर दचकू नका, त्यांच्यात बसवूनच दफन करतात.

पहिले तीन दिवस त्या घरात चूल पेटवण्याचं मन नसतं, म्हणून डबा न्या. मटण-चिकन नको, हलालचा प्रश्न येतो. डाळ, भात, भाकरी, एखादी पातळ भाजी, आठ-दहा माणसांना पुरेल अशी. तुमचा लाऊडस्पीकर किंवा वाढदिवसाचा मंडप असेल तर तिसऱ्या दिवसाची जियारत होईपर्यंत आवाज खाली ठेवा. आणि डब्याच्या झाकणावर नाव लिहिलेली पट्टी चिकटवा. त्या तीन दिवसांत तिथं दहा घरांचे डबे येतात, आणि कुणाचा कुठला ते घरच्या बाईला कुणी विचारू नये.